बाजारपेठ मोजणारी माणसे

मोजणी म्हटली म्हणजे आमच्या अल्लीपुरात लोकांच्या डोळ्यांपुढे शेताचा धुरा येतो. मोजणीदार साखळी ओढतो आहे, कोतवाल खुंटी धरून उभा आहे, आणि दोन्हीकडचे भाऊबंद एकमेकांचे तोंड चुकवून जमिनीकडे बघत आहेत, असे ते चित्र. शहरातील दुकाने, पेढ्या, गोदामे आणि त्यांच्यावरच्या माड्या हीसुद्धा कुणीतरी पायी फिरून मोजीत असते, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. कराची मागणी हाती पडली की आपण आकड्यावर चिडतो. तो आकडा कुणी, कोणत्या उन्हात, कशाच्या मोबदल्यात लिहिला हे विचारीत नाही. मी ते काम केले आहे, आणि पुढे ते काम करणाऱ्या पोरांचे अर्ज घेऊन कचेऱ्यांचे उंबरठेही झिजवले आहेत. शाळा माझी आठवीत सुटली. जे काही वाचले ते कामगार संघटनेच्या कपाटातले आणि रद्दीतले. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार पायांचा आहे, पुस्तकांचा नाही, एवढे आरंभीच सांगून ठेवतो.

आमच्या तालुक्याचे गाव हिंगणघाट. तेथे एका इंग्रजाची कबर आहे. विल्यम लँबटन हे त्याचे नाव. १८०२ साली त्याने मद्रासेजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि तेथून साऱ्या हिंदुस्थानची त्रिकोणमितीने मोजणी आरंभली. सुमारे अर्धा टन वजनाचे यंत्र माणसांच्या खांद्यावरून डोंगरावर आणि देवळांच्या शिखरांवर चढवायचे, निशाणे दिसेपर्यंत थांबायचे, कोन टिपायचे, पुन्हा उतरायचे, असे वीस वर्षे चालले. हैदराबादेहून नागपूरकडे येत असता २० जानेवारी १८२३ रोजी त्याने हिंगणघाटला देह ठेवला. त्याच्या मागून आलेल्या एव्हरेस्टचे नाव जगातील सर्वांत उंच शिखराला मिळाले. यंत्र उचलणारे खलाशी आणि रानात निशाण धरून उभे राहताना हिवतापाने मेलेले लोक यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. या कबरीची आठवण मी मुद्दाम काढली. मोजणीचा कागद कचेरीत तयार होत असला तरी मोजणी उघड्यावर होते, आणि उघड्यावर उभा राहणारा माणूस कागदावर दिसत नाही, ही रीत आपल्याकडे दोनशे वर्षांची जुनी आहे.

शहरातील व्यापारी इमारती मोजण्याची कारणे निरनिराळी असतात. अमेरिकेत आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांना प्रत्येक इमारतीचा धोका जाणून घ्यावासा वाटला. म्हणून १८६७ साली सॅनबॉर्न नावाच्या गृहस्थाने नकाशांची कंपनी काढली. तिची माणसे गावोगाव पायी फिरत. भिंत विटांची की लाकडाची, मजले किती, खिडक्या कोठे, आत पीठगिरणी आहे की दारूचे दुकान, हे टिपून घेत. विटांची इमारत गुलाबी रंगात, लाकडाची पिवळ्या. अशा तऱ्हेने बारा हजारांवर गावे आणि शहरे त्यांनी कागदावर उतरवली. लंडनमध्ये चार्ल्स बूथ या धनिक व्यापाऱ्याने १८८६ पासून सतरा वर्षे गरिबीची पाहणी चालवली. त्याचे सहायक बीटवरच्या पोलीस शिपायाबरोबर गल्लीन्‌गल्ली हिंडले आणि प्रत्येक रस्त्याला तेथील दारिद्र्याप्रमाणे रंग दिला गेला. आपल्याकडे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक आणि आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ साली छापला गेला. एका शहरातले लोक पोट कशावर भरतात हे घरोघर विचारून लिहिण्याचे ते काम मराठी मुलखात मोठ्या प्रमाणावर झाले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट वाटली पाहिजे.

सरकारी पातळीवर दुकान-धंद्यांची शिरगणती म्हणजे आर्थिक गणना. ती पहिल्यांदा १९७७ साली झाली. त्या पहिल्या गणनेत ज्याच्याकडे एकही पगारी माणूस नाही अशा धंद्याची नोंदच घेतली नव्हती. म्हणजे पानठेला चालवणारा एकटा माणूस, नवरा-बायको मिळून चालवतात ती खानावळ, हे सारे गणतीबाहेर. १९८० साली ही चूक सुधारली. पुढे १९९०, १९९८, २००५ आणि २०१३ साली गणना झाल्या. २०१३ च्या गणनेत देशात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना आणि त्यांत काम करणारी १३ कोटींहून अधिक माणसे निघाली. एकट्या महाराष्ट्रात ६१ लाखांवर आस्थापना. सबंध देशातील दर शंभर आस्थापनांपैकी जवळजवळ बहात्तर ठिकाणी एकही पगारी माणूस नव्हता. १९७७ च्या नियमाने मोजले असते तर हे बहात्तर कुणाला दिसलेच नसते! सातवी गणना २०१९ साली सुरू झाली तेव्हा कागद जाऊन हातात मोबाईल आला. ऊन मात्र तेच राहिले.

याशिवाय नगरपालिकेची मोजणी असते ती वेगळी. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याप्रमाणे मालमत्तांच्या आकारणीची नवी यादी ठरावीक वर्षांनी करावी लागते. त्यासाठी प्रत्येक गाळ्याची लांबी-रुंदी, बांधकामाचा प्रकार आणि वापर लिहितात. पूर्वी हे काम पालिकेचे कारकून करीत. पुढे ते बहुतेक ठिकाणी ठेकेदाराकडे गेले. मी केले ते हेच.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगतो.

सकाळी हाती एक नजरी नकाशा मिळतो. प्रमाणात काढलेला नसतो. रस्ते, देऊळ, विहीर, मोठी झाडे एवढ्या खुणा त्यावर असतात. जनगणनेचा शिरस्ता असा की वायव्य कोपऱ्यापासून क्रमांक सुरू करावा आणि आग्नेयेकडे सरकत जावे. शिकलेल्या मुलांना हे बालिश वाटते. पण बाजाराच्या रस्त्यावर शिस्त मोडून कधी या बाजूचे दुकान, कधी त्या बाजूचे, असे लिहीत गेले की दुपारपर्यंत चार दुकाने दोनदा लिहिली जातात आणि सहा सुटतात. एक बाजू धरावी, ती संपवावी, मग दुसरी. बोळ आला की बोळात शिरावे, शेवटच्या भिंतीला हात लावून परत यावे. आमचा एक वयस्क सोबती होता, तो खरोखरच भिंतीला हात लावी. आम्ही हसत असू. त्याच्या वहीत दुकान सुटलेले मला आठवत नाही.

नवखा माणूस फलक वाचतो. जुना माणूस जिना बघतो. तळमजल्यावर कापडाचे दुकान, वर एक फलक आणि त्याच्याही वर काहीच नाही. म्हणून नवखा लिहितो, ‘दुसरा मजला रिकामा’. जिन्याखाली विजेची मीटरे किती आहेत ते मोजावे. पाच मीटरे आणि दोन फलक असतील तर तीन धंदे आत लपलेले आहेत किंवा वर बिऱ्हाडे आहेत. घडीभर कान देऊन उभे राहावे. शिलाई यंत्रांचा आवाज खालपर्यंत येतो. जिन्याच्या तोंडाशी चपला असतात, त्या मोजाव्यात. दुपारी एकच्या सुमारास डबे येतात, ते मोजावेत. मालक म्हणतो, “सात माणसं हायेत भाऊ.” चपलांचे जोड मात्र अकरा असतात. अशा वेळी वाद घालू नये, “गिऱ्हाईक बसले असतील का वर?” एवढेच विचारावे. मालक जरा हसतो आणि खरा आकडा सांगतो, किंवा हसत नाही आणि सांगतही नाही.

हा सात आणि अकराचा फरक क्षुल्लक नाही. संघटनेत आल्यावर मला त्याचा अर्थ कळला. १९४८ चा मुंबई राज्याचा दुकाने आणि आस्थापना कायदा पुढे विदर्भातही लागू झाला, आणि त्यात नोकर किती याला महत्त्व नव्हते; एक नोकर असला तरी कायदा लागू. २०१७ च्या नव्या कायद्याने रेषा दहावर आखली. दहा किंवा त्याहून अधिक माणसे असतील तर कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर, वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा. त्याहून कमी असतील तर मालकाने नुसती सूचना दिली की संपले. २०२५ साली तर राज्य मंत्रिमंडळाने ही रेषा वीसवर नेण्यास मान्यता दिली. भविष्यनिर्वाह निधीची रेषाही वीसच. म्हणजे माडीवर शिवणकाम करणाऱ्या चार बाया मालकाच्या तोंडी हिशेबात नाहीत, आणि उन्हाने बेजार झालेला गणक जिना चढला नाही, तर त्या चौघी राज्याच्या लेखी नाहीतच. गणकाची वही कायद्यापुढे पुरावा म्हणून चालत नाही हे मला ठाऊक आहे. आर्थिक गणनेत दिलेली माहिती कर किंवा खटल्यासाठी वापरू नये हे योग्यच आहे. तसे नसेल तर कुणी खरे सांगणारच नाही. पण कायद्याची रेषा कोठे आखावी हे ठरवताना मंत्रालयात जी बेरीज पुढे ठेवतात, ती याच वह्यांची असते.

माणसांशी वागण्याचीही एक रीत आहे. बोहनी होण्याआधी कुणाच्या दुकानात काही विचारू नये. दिवेलागणीलाही जाऊ नये. गल्ल्यासमोर उभे राहू नये, बाजूला राहावे. गिऱ्हाईक आले की आपण गप्प. आपले ओळखपत्र त्यांनी मागण्याआधी आपणच दाखवावे. तरी पहिला प्रश्न येतोच, “काहून? टॅक्स वाढवाले आले काय?” विक्रीकर होता तेव्हा विक्रीकराची भीती होती, आता वस्तू व सेवा कराची आहे. २०२० च्या आरंभी नागरिकत्वाचा वाद पेटला होता, तेव्हा देशात काही ठिकाणी आर्थिक गणनेच्या मुलामुलींना लोकांनी कोंडीत धरले, त्यांचे मोबाईल हिसकावले. लोकांचा राग सरकारवर होता आणि सरकारच्या वतीने दारात उभी होती ती दर नोंदीवर पैसे मिळणारी पोरे. त्या दिवसांत आमच्याकडे दोन मुली संघटनेच्या कचेरीत आल्या. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की आम्ही कशासाठी विचारतो हे आम्हालाच कुणी नीट सांगितलेले नाही, मग आम्ही लोकांना काय सांगावे?

आता उन्हाविषयी. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो हे नवीन नाही. शेतकरी अकराच्या आत घरी येतो आणि चारनंतर निघतो. बाजार मोजणाऱ्याला ती सोय नाही, कारण दुकाने उघडतातच दहाला, आणि घाम पुसायला जावे तर तेवढ्यात दुपारचा शटर खाली येतो. डांबरी रस्ता, पत्र्याची छपरे, काचेची दारे आणि वरून थंड हवेच्या यंत्रांनी बाहेर फेकलेली गरम हवा, यांच्यामध्ये तो उभा असतो. आम्ही डोक्याला दुपट्टा गुंडाळीत असू, खिशात कांदा ठेवीत असू. कांद्याने उष्माघात टळतो हे शास्त्राने मान्य केलेले नाही. पाणी, मीठ आणि सावली याच खऱ्या गोष्टी. पण कांदा फुकट होता आणि सावलीला वेळ लागत होता. २०१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने असा अंदाज केला, की वाढत्या उष्णतेपायी २०३० पर्यंत जगातील कामाच्या तासांपैकी सव्वादोन टक्क्यांच्या आसपास तास वाया जातील, आणि ते आठ कोटी पूर्ण वेळेच्या नोकऱ्यांइतके भरतील. या अंदाजात शेतमजूर आणि बांधकाम मजूर यांचा विचार मुख्य आहे, आणि तो असायलाच हवा. फीत धरणारा पोरगा मात्र कोणत्याच रकान्यात चटकन बसत नाही. त्याच्या अंगात सदरा-पँट असते, हातात वही असते, म्हणून लोक त्याला कारकून समजतात आणि ठेकेदार त्याला रोजंदारीवरचाही मानीत नाही.

कारण त्याची मजुरी दर नोंदीमागे असते. येथे मी वाचकांना जरा थांबायला सांगतो, कारण साऱ्या विषयाची गाठ येथे आहे. दर भरलेल्या फॉर्ममागे पैसे, असा करार झाला की बंद कुलपाचे काय? दुकान बंद आहे, मालक लग्नाला गेला आहे. पुन्हा दोनदा यावे लागेल. दोन खेपांचे पैसे कुणी देत नाही. फॉर्म मात्र एकच. मग कुलपावर बंद म्हणून खूण न करता ‘रिकामे’ असे लिहिले जाते, किंवा शेजाऱ्याला विचारून मोघम भरले जाते. जिना चढून चार बाया मोजल्या तर नवा फॉर्म होत नाही, जुन्याच फॉर्मवर सातचे अकरा होतात. त्याचाही पैसा नाही. उलट एक गाळा मध्ये फळी टाकून दोन लिहिला तर दोन फॉर्म होतात. मोजणीदार अप्रामाणिक असावा लागत नाही. दोन महिने असे काम केले की बोटांना ते वळणच पडते. वर बसलेले तज्ज्ञ पुढे या आकड्यांवरून टक्केवारी काढतात, दशांशचिन्हापुढे दोन घरे देतात. तळाचा आकडा कोणत्या दराने विकत घेतला हे कोठेच छापलेले नसते. ते छापावे, अशी मागणी आम्ही एकदा लेखी केली होती. उत्तर आले नाही.

आमच्या बाकीच्या मागण्या साध्या होत्या. नोंदीमागे नको, रोजाने मजुरी द्या. बंद कुलपाच्या खेपेला तेवढीच मजुरी धरा. मे महिन्यात सकाळी आठ ते अकरा इमारती बाहेरून मोजायच्या, मजले, लांबी-रुंदी, बांधकाम. आणि संध्याकाळी साडेचार ते सात आत जाऊन माणसे विचारायची, अशी कामाची फोड करा. दर दोघांमागे पाण्याचा एक डबा, आणि सही-शिक्क्याचे ओळखपत्र. एका गावी यांपैकी काही मान्य झाले, काही नाही. रोजाने मजुरी दिली तर काम रेंगाळेल, अशी अधिकाऱ्यांची शंका होती, आणि ती अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. काम रेंगाळवणारी पोरे आमच्यातही होती. पण नुसते घाईचे काम पुन्हा करावे लागते आणि त्याचा खर्च हरकतींच्या वेळी निघतो, हे मी माझ्याच अनुभवावरून त्यांना सांगितले. तो अनुभव असा.

सत्ताविसाव्या वर्षी मी अल्लीपुराहून एस.टी.ने रोज एका शहरी जाऊन एका ठेकेदाराकडे फीत धरीत असे. दिवसाला ठरावीक फॉर्म भरले नाहीत तर अर्धी मजुरी कापत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात माझा जोडीदार दुपारी दोनच्या सुमारास एका गोदामाच्या पायरीवर बसला तो उठेना. अंग तापलेले, घाम बंद, बोलणे असंबद्ध. समोरच्या रसवंतीवाल्याने बर्फ दिला, आम्ही त्याला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेले. तो वाचला, मात्र महिनाभर घरी होता आणि त्या महिन्याचे त्याला कुणी काही दिले नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटाच होतो. एकट्याने फीत धरता येत नाही. एका लिंबाखाली बसून मी समोरच्या ओळीतले अकरा गाळे नजरेने लिहून टाकले. सगळे सारखेच दिसत होते, म्हणून सगळ्यांना दहा बाय बारा लिहिले. त्या रात्री मला झोप चांगली लागली, हेही सांगून टाकतो.

चार-पाच महिन्यांनी यादी प्रसिद्ध झाली, हरकती मागवल्या गेल्या. काम संपून मी तेव्हा दुसऱ्या धंद्याला लागलो होतो, परंतु हिशेबाचे पैसे राहिले होते म्हणून त्या कचेरीत गेलो. बाकावर एक इस्त्रीवाला बसला होता. अकरांतला शेवटचा गाळा त्याचा. गाळा कसला, दोन भिंतींच्या मधल्या फटीवर पत्रा टाकलेला. त्याच्या हातात मागणीचा कागद होता आणि तो दिसेल त्याला विचारीत होता, “माहं दुकान केवढं हाय, तुमी पायलं काय?” मला तो ओळखत नव्हता. मी त्याला म्हटले, “काका, पाहिलं नाही, म्हणूनच असं झालं.” तो कागद मीच लिहिला होता हे मी त्याला लगेच सांगितले नाही. संध्याकाळी फीत घेऊन त्याच्या दुकानी गेलो तेव्हा सांगितले. त्याने इस्त्री बाजूला ठेवली, माझ्याकडे बराच वेळ पाहिले, आणि फितीचे दुसरे टोक धरले. सहा फूट दोन इंच बाय सात फूट नऊ इंच. आकडे त्याच्या शाळेतल्या नातीने कागदावर लिहिले, आणि तो कागद हरकतीच्या अर्जाला जोडला. सुनावणीत त्याची आकारणी कमी झाली. उरलेल्या दहांपैकी चौघांनी हरकत घेतली; सहाजणांनी घेतली नाही. त्यांचे गाळे पुढच्या फेरमोजणीपर्यंत कागदोपत्री दहा बाय बाराच राहिले.